चैतातला जोंधळा

“म्हणजे माझ्या कवनात आता काहीच खोट उरली नाही म्हणता, बुवा?”

पिराजीबुवा अंगणात अंबाडीचं चऱ्हाट वळत बसले होते. त्यांनी मान हलवली.

“काही नाही.”

दौलतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बारा वर्षं तो या म्हाताऱ्या शाहिराच्या पायाशी बसला होता, आणि तेवढ्या काळात ‘बरं जमलंय’ हे शब्द त्याने एकदाच ऐकले होते. तेव्हाही बुवांना सडकून ताप होता.

बाहेर देशमुखांनी पाठवलेली बैलगाडी उभी होती. गेल्या महिन्यात दौलतने त्यांच्यावर पोवाडा रचून त्यांच्या बैठकीत गायला. बैठक अशी डोलली, की देशमुखांनी त्याला कायमचं आपल्या पदरी ठेवून घ्यायचं ठरवलं. खांद्यावरचा जरीचा शेलाही त्यांनीच दिलेला.

दौलत बुवांचा निरोप घ्यायला आला होता. खरं सांगायचं तर, शेला दाखवायला आला होता.

“तिथं ओळीओळीला वाहवा होती, बुवा. कारभारी म्हणाले, असा शाहीर शंभर वर्षांत झाला नाही.”

“कारभारी जाणते आहेत,” बुवा म्हणाले. “गा की. आम्हालाही ऐकू द्या, दौलतराव.”

दौलतराव! बारा वर्षं तो ‘दौल्या’ होता, आणि वाईट दिवशी ‘गाढवा’. त्याला गुदगुल्या झाल्या. त्याने डफ उचलला.

पहिली ओळ संपली.

“वा!” बुवा म्हणाले.

दुसरी संपली.

“वाहवा! काय बोललात!”

दौलतची नजर सवयीने बुवांच्या हातांकडे गेली. ओळीत काही चुकलं, की चऱ्हाट वळणारे ते हात थांबायचे. बुवा लगेच बोलायचे नाहीत. हात थांबले, की समोरच्याने आपली चूक आपण शोधायची. एकदा दौलतने पुनवेचा चंद्र मध्यरात्री उगवल्याचं गायलं होतं, तर बुवांनी त्याला पुनवेपासून आठ दिवस नदीकाठी उभं केलं होतं, चंद्र कधी उगवतो ते बघायला.

आज हात चालूच होते. दौलतचा आवाज चढला.

*देशमुखांच्या पुण्याईनं न्हाली धरणी सारी,*
*चैतामंदी डुले जोंधळा शेतोशेतावरी!*

“वा!”

हात चालूच.

दौलत पुढच्या ओळीला गेला आणि अडखळला. मागे काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. त्याने तीच ओळ पुन्हा धरली, जरा सावकाश.

“वा, वा!”

मग डफ खाली ठेवून ती नुसती बोलून पाहिली.

“वाहवा!”

“बुवा, चैतात जोंधळा कुठला?”

“आसंल की.”

“माघ-फाल्गुनात कापणी होते. चैतात रानात नुसती धसकटं.”

“देशमुखांच्या रानात आसंल.”

दौलतला हसू आलं नाही. तो शेतकऱ्याचा पोर. त्या धसकटांवरून अनवाणी पळून लहानपणी त्याचे पाय किती वेळा फाटले होते. मग हे लिहिलं कसं? यमक जुळत होतं म्हणून लिहिलं. आणि बैठकीत ओळ पुरती व्हायच्या आतच वाहवा आली, तेव्हा मागे वळून बघायची गरजच पडली नाही.

त्या बैठकीत निम्मे लोक कुणबी होते. नुकताच जोंधळा कापून, मळून, कणगीत भरून आलेले. कारभाऱ्यांची स्वतःची शंभर बिघे जमीन होती. त्यांनी तर या ओळीला मांडीवर थाप मारली होती.

म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या शाहिराला.

त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ भीती वाटली. उद्यापासून रोज तिथेच गायचं. तिथे तो काहीही गाईल, वर्षानुवर्षं गाईल, आणि त्याला कोणी अडवणार नाही.

“शाहीर, चला की!” गाडीवानाने हाक मारली. “ऊन व्हायच्या आत पोचायचंय.”

दौलत बुवांकडे वळला.

“तुम्हाला पहिल्यांदाच कळलं होतं ना, बुवा?”

बुवांनी चऱ्हाटात अंबाडीचे आणखी धागे घेतले.

“मग हात का नाही थांबले?”

बुवा वळत राहिले.

“बारा वर्षं तुम्ही मला एक अक्षर वाकडं गाऊ दिलं नाहीत.” दौलत पुढे सरकला. “शिव्या घातल्यात. उपाशी ठेवलंत. उन्हात उभं केलंत. आणि आज मी एवढं धडधडीत खोटं गातोय, तर तुम्ही वा म्हणता? मला का नाही सांगितलंत?”

बुवांनी चऱ्हाटाच्या टोकाला गाठ मारली. दाराबाहेरच्या गाडीकडे पाहिलं. मग दौलतच्या खांद्यावरच्या शेल्याकडे. आणि बारा वर्षांत कधी बोलले नव्हते इतक्या मऊ आवाजात म्हणाले,

“पाहुण्याच्या पानात कुणी कारलं वाढतं का?”