नांगरवाडीची सासू आणि राजाचा बंब

राजा भद्रसेनाने फर्मान काढलं: लोकांच्या रीतीभातींवर लिहिलेल्या ज्या ग्रंथाचं नाव दुसऱ्या कुठल्याच ग्रंथात आलेलं नाही, तो बंबात घालावा! ग्रंथालयात जागा उरली नव्हती आणि राजाला अंघोळीला पाणी कढत लागायचं. एका दगडात दोन पक्षी!

दरबारी पंडित खूश. त्यांना कसली भीती? विद्यावागीश आपल्या ग्रंथात तर्कभूषणांचं नाव घ्यायचे, तर्कभूषण विद्यावागीशांचं, आणि उरलेले पंडित दोघांचंही. अहो रूपम्, अहो ध्वनिः! ज्याचं नाव जास्त ठिकाणी, त्याची पालखी मोठी. आता ग्रंथ वाचायची तसदी कोण घेतो?

सापडले ते बिचारे निळोपंत. आयुष्यभर गावोगाव पायी हिंडून त्यांनी एकच ग्रंथ लिहिला होता. कुठल्या गावात लग्न कसं लागतं, भांडण कसं मिटतं, पाणवठ्यावर पहिली घागर कुणी बुडवायची, सगळं त्यात. प्रत एकच. आणि पंतांचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही! शिपायाने सकाळीच तो ग्रंथ आणून बंबापाशी आदळला. मागोमाग निळोपंत डोळे पुसत आले.

बंबावर होती येसू. जिभेला हाड नाही अशी बाई.

"पंत, रडू नका हो! जाळायच्या आधी एकदा वाचून तर दाखवा. आमच्या नांगरवाडीचं काही आहे का त्यात?"

पंतांनी पान काढून रडवेल्या आवाजात वाचलं, "नांगरवाडीत वेशीपाशी सासू खाली बसून सुनेचे पाय धरते. अशी तिथली रीत आहे."

येसू इतकी हसली की हातातली फुंकणी खाली पडली. हीच रीत तिने दरबारी पंडितांच्या तोंडून कितीदा ऐकली होती! मग तिने पदर खोचला, ग्रंथ काखेत मारला, पंतांना मागे घेतलं आणि थेट दरबार गाठला. तिथे राजा पंचा नेसून, कढत पाण्याची वाट बघत सिंहासनावर ताटकळला होता.

"महाराज, हा ग्रंथ मी जाळायची नाही! तुमच्या सगळ्या पंडितांची पोटं याच्यावर चालतात."

विद्यावागीश फिस्सकन हसले. "अगं, याचं कुणी नाव तरी घेतलंय का?"

"इश्श! मी आजवर माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं नाही. म्हणून काय मला नवराच नाही?"

दरबारात खसखस पिकली. राजाने मिशीतलं हसू दाबलं. "फार चुरूचुरू बोलतेस! आत्ताच्या आत्ता सिद्ध कर. नाहीतर ग्रंथ बंबात आणि तू शहराबाहेर!"

"बरं तर. नांगरवाडीच्या सासवांची रीत काय, एवढंच या पंडितांना विचारा."

विद्यावागीशांनी आपला ग्रंथ उघडला. "'नांगरवाडीची सासू वेशीपाशी सुनेचे चरण धरते!' आम्ही स्वतः पाहिलंय!"

"आम्हीही पाहिलंय!" तर्कभूषण म्हणाले.

"मी तर दोनदा!" मागून तिसरा ओरडला.

येसूने कपाळाला हात लावला. "अगं बाई! महाराज, मीच नांगरवाडीची सून, आणि ते पाय माझेच! नवी नवरी होते. वेशीत बाभळीचा काटा रुतला. सासू तो काढत होती, आणि काढता काढता माझ्या माहेरचा उद्धार करत होती! हे पंत तेवढ्यात तिथून गेले. लांबून बघितलं आणि लिहून मोकळे झाले! सुनेचे पाय धरायची रीत असती, तर नांगरवाडीत एकाही पोराचं लग्न झालं नसतं. सगळ्या आया आडव्या पडल्या असत्या! जे जन्मात एकदाच घडलं, ते या सगळ्यांनी कुठं हो पाहिलं?"

पंडित आपापल्या पगड्या चाचपू लागले.

"पंत, चूक तुमची?" राजाने विचारलं.

"माझीच, महाराज. जवळ जाऊन विचारायला हवं होतं."

"मग असला चुकीचा ग्रंथ ठेवायचा कशाला?" तर्कभूषणांनी संधी साधली.

"वा रे न्याय!" येसू कडाडली. "चोरलेल्या पोत्यात एक खडा निघाला म्हणून धान्यवाल्याला फाशी, आणि चोरांना पालखी? खडा पंतांचा, तर पोतंही पंतांचंच!"

आता मात्र राजा खो खो हसत सुटला. "ग्रंथ राहील! आणि पंडितहो, आजवर नाव घेतलं नाहीत ना? आता इथेच घ्या. उखाण्यात!"

विद्यावागीश लालबुंद झाले. खाली मान घालून म्हणाले, "चुलीवरचं दूध गेलं उतू, निळोपंतांचं नाव घेतो, मनात नाही किंतू!"

निळोपंतांनी ग्रंथ छातीशी धरला. पुन्हा रडले, पण या वेळी हसत हसत.

"येसू, माग काय हवं ते!"

"चांगला वहाणांचा जोड द्या, महाराज. मला परत काटा रुतला, तर हे पंडित आणखी ढीगभर ग्रंथ लिहितील!"

राजा पोट धरून सिंहासनावरून घसरला. येसूला मखमली वहाणा मिळाल्या, वर सोन्याचं कडं मिळालं. राजाने त्या दिवशी अंघोळ मात्र गार पाण्यानेच केली.