आबांचा समुद्र आणि लिंबाजीची मूठ

एका गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव लिंबाजी. गावातले बाकी सगळे शहाणे होते. गाव माणदेशातलं. पाण्याचा टँकर कधीतरी यायचा आणि शहाण्यांच्या भांडणात निम्मा सांडायचा. तरी गावातला मूर्ख कोण असं विचारलं की सगळे लिंबाजीकडे बोट दाखवायचे.

लिंबाजी आबा खराड्यांकडे कामाला होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा. असा गडी मिळावा म्हणून लोक नवस बोलतात. आबांना तो मिळाला होता, आणि आता तो जावा म्हणून ते नवस बोलत होते.

आबांनी मुलाचं लग्न कोकणात ठरवलं. मुलगी वेंगुर्ल्याकडची, दर्शना. बैठकीत पाहुण्यांनी तिला रीतीप्रमाणे नको ते सगळं विचारलं. शेवटी आबा मोठ्या मनानं म्हणाले, "आता तू बी काय तरी इचार, पोरी."

ती म्हणाली, "तुमच्या गावाहून समुद्र किती लांब आहे?"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांच्या भावाची सून अशीच लांबून आली होती. करमत नाही म्हणून माहेरी गेली ती परत आलीच नाही. आबांच्या मनात तेव्हापासून भीती होती. पण भीती वाटली की आबा गप्प बसत नसत, मोठ्यानं बोलत. ते म्हणाले, "तू माप ओलांडून आत येशील तवा आमच्या घरात समुद्र असंल. शब्द हाय आबा खराड्याचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथं समुद्र आणतो म्हणणाऱ्याला आपल्याकडे मान मिळतोच.

कोल्हापुरात फिरोजभाईंचं खाऱ्या पाण्यातल्या माशांचं दुकान होतं. त्यांच्याकडून आबांनी काचेची भलीमोठी टाकी आणली. ती पुढच्या सोप्यात लोखंडी तिवईवर बसली. फिरोजभाई म्हणाले, "पहिल्यांदा तळाला वाळू पाहिजे." आबा म्हणाले, "लिंबा, वाळू आण." आणि झोपायला गेले.

लिंबाजीनं वाळू आणली. मारुतीच्या सभामंडपासाठी देवळापुढं ढीग होता, त्यातलीच आणली. काळी, खडेवाली, ट्रॉलीभर. मागोमाग देवळाची कमिटी आली.

फिरोजभाईंनी मूठभर वाळू हातात घेऊन सोडून दिली. "ही बांधकामाची. हिनं पाणी नासेल. समुद्राच्या टाकीला पांढरी वाळू लागते, शिंपल्यांच्या नि प्रवाळाच्या चुऱ्याची. फार बारीक नको, पाण्यात उडत राहते. फार जाड नको, फटीत घाण अडकते."

आबांनी एवढं सगळं लिंबाजीला कशाला सांगायचं म्हणून सोपं करून सांगितलं. "समुद्राचं जे असंल ते समुद्राकडनंच आणायचं. कळलं?"

"कळलं," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आबांची बायको, आक्का, चुलीपाशी आमटी ढवळत होती. ती म्हणाली, "लिंबा, मीठ संपलंय बग. पटकन घिऊन ये."

दुकान समोरच होतं. लिंबाजीनं दुकानाकडे बघितलं. मग मीठ कुणाचं याचा विचार केला आणि एसटी स्टँडवर गेला. कोकणात त्याला एकच घर ठाऊक होतं, आबांच्या व्याह्यांचं. त्या माणसांनी त्याला माशाची आमटी वाढली, ठेवून घेतलं आणि मिठाचं पोतं देऊन गाडीत बसवलं. तो परत येईस्तोवर आबांच्या घरी सगळे आळणी जेवत होते आणि लिंबाजीला शिव्या देत होते. समोरच्या दुकानातून मीठ आणायचं कुणाला सुचलं नाही. ते काम लिंबाजीला सांगितलेलं होतं.

फिरोजभाईंनी पांढऱ्या वाळूची पोती पाठवली. आबा म्हणाले, "पाणी नितळ येईस्तवर धू आणि मग टाकीत घाल." लिंबाजीनं धुतली. पाणी नितळ आलं तेव्हा टँकर रिकामा झाला होता. गाव रिकामे हंडे घेऊन बसलं, पण वाळू अगदी तांदळासारखी दिसत होती.

मग फिरोजभाई एक ओली, मळकी पिशवी घेऊन आले. म्हणाले, "नवी वाळू निर्जीव असते, आबासाहेब. तिच्यात जीव धरायला जुन्या टाकीतली जिवंत वाळू मिसळावी लागते. दुधाला विरजण लावतो ना, तसं." पिशवी लिंबाजीच्या हातात देऊन ते चहा प्यायला बसले.

चहा होईपर्यंत लिंबाजीनं ती वाळू कढत पाण्यानं धुतली. साबणही लावला. घाण फार होती.

फिरोजभाईंच्या हातातली बशी कलली. "अरे बाबा, त्या घाणीतच जीव होते. डोळ्यांना दिसत नाहीत, पण माशांची घाण तेच पचवतात. तू त्यांना मारून टाकलंस. जिवंत असतं ते धुवायचं नाही."

"न्हाई धूत," लिंबाजी म्हणाला.

सकाळी आबा मोरीत पाटावर बसले. अंगाला साबण लावून झाला. "लिंबा, पाणी." पाणी येईना. डोळ्यांत साबण गेला तसे आबा ओरडले. लिंबाजी दाराबाहेर हात बांधून उभा होता.

"आबा, तुमी जिवंत हाय न्हवं?"

"अजून तरी हाय."

"मग न्हाई धुवायचं."

आबांनी साबण धोतराला पुसला आणि त्याला पुन्हा एकदा सोपं करून सांगितलं. शहाण्या माणसाला ही खोड असतेच. "घरातल्याला धुवायचं रं. भायेरनं जे आलंय ते जसं आलंय तसं आत सोडायचं, त्येच्या पाण्यासकट."

संध्याकाळी शेजारच्या कदमांची म्हैस डबक्यात लोळून दाराशी आली. बाहेरून आलेली होती. लिंबाजीनं ती जशी होती तशी, चिखलासकट, सोप्यात सोडली. तिनं हळदीकुंकू लावून ठेवलेल्या लग्नपत्रिका खाल्ल्या. कदमांनी नंतर मोठ्या आनंदानं सांगितलं की आमंत्रण पोचलं.

फिरोजभाईंनी जिवंत वाळूची दुसरी पिशवी धाडली आणि फोनवर निरोप दिला की मूठभर घाला.

"कुणाची मूठ?" लिंबाजीनं आक्काला विचारलं.

आक्का पापड लाटत होती. "कुणाची बी घे, माझं डोकं खाऊ नगं."

लिंबाजी कदमांकडे गेला आणि त्यांचं रांगतं पोर उचलून आणलं. त्याच्या मुठीत मावली तेवढी वाळू टाकीत पडली. त्यातली थोडी पोरानं खाल्ली. उरलेली पिशवी लिंबाजीनं उकिरड्यावर टाकली, कारण ती मुठीच्या वर होती.

फिरोजभाई पुन्हा आले. गाडीचं तेल जाळून जाळून त्यांचंही डोकं तापलं होतं. तिसरी पिशवी त्यांनी स्वतः टाकीत ओतली, कोल्हापुरातून आणलेलं खारं पाणी काठोकाठ भरलं आणि म्हणाले, "असा कंजूसपणा करायचा नसतो. जुनं जितकं जास्त घालशील तितकं नवं लवकर रुजतं. सढळ हातानं घालायचं. आणि आता हिला महिनाभर हलवायची नाही. तोवर मासे पण नाहीत."

लिंबाजीनं मान हलवली. फिरोजभाई गेल्यावर तो आक्काकडे आला. "आक्का, इरजण लागलंय का न्हाई ते कसं बगायचं?"

"भांडं वाईच कलतं करायचं. हललं न्हाई तर लागलं."

कशाचं भांडं, हे तिनं विचारलं नाही. विचारायला ती काही मूर्ख नव्हती.

लिंबाजीनं ट्रॅक्टरचा जॅक आणला आणि तिवईच्या एका बाजूला लावला. टाकीशेजारी आबा चटईवर पडून घोरत होते. जॅक वर गेला. टाकी वाईच कलली. मग वाईचपेक्षा जास्त कलली. आबांना जाग आली तेव्हा ते समुद्रात होते. समुद्र सोप्यातून ओसरीवर गेला, ओसरीवरून अंगणात गेला आणि तुळशीला वळसा घालून उकिरड्याला मिळाला. काचेचे तुकडे पांढऱ्या वाळूत चमकत राहिले. गाव बघायला आलं. त्या गावात एवढं पाणी एकदम वाहताना कुणी बघितलं नव्हतं.

"लागलं न्हवतं," लिंबाजी म्हणाला. "हललं."

आबांनी त्याला भिंतीशी उभा केला आणि पाठ करून घेतलं. "एकदा घातलं की महिनाभर हलवायचं न्हाई. तवर मासे न्हाईत. म्हन."

लिंबाजी म्हणाला. आबांचं समाधान होईपर्यंत म्हणत राहिला. आबा म्हणाले, "आता ह्यापुढं एक बी चूक केलीस तर तुझी वळकटी रस्त्यावर."

पण लग्न तोंडावर आलं होतं. नवी टाकी, नवी वाळू, वर महिनाभर थांबायचं, हे काही व्हायचं नव्हतं. संध्याकाळी आबा रिकाम्या तिवईपाशी बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते हळू बोलले.

"शब्द गेला माझा, लिंबा. पर शब्दाचं जाऊ दे. ती पोर हितं रुजायची न्हाई. नव्या जागंत एकटीचा जीव कसा धरंल रं?"

लिंबाजीला आश्चर्य वाटलं. गेले कित्येक दिवस सगळे मिळून त्याला हेच शिकवत होते, आणि आबांना ते ठाऊक नव्हतं. पण मालकाला शिकवणं बरं दिसत नाही, म्हणून तो गप्प राहिला.

लग्न कोकणात झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाड नवरीला घेऊन निघालं. नवरीबरोबर पाठराखीण पाठवायची आपल्याकडे रीत आहे. माहेरची एखादी आजी नाहीतर मावशी सासरी येते, दोन-चार दिवस सोबत करते, पोरीला जरा करमलं की परत जाते. आबा गाडीत बसता बसता म्हणाले, "लिंबा, तू मागनं ट्रकातनं ये. रुखवत घे आणि पाठराखीण घिऊन ये."

दिवस वर आल्यावर नवरी दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. दर्शनानं आत बघितलं. सोप्यात एक रिकामी तिवई होती. भिंतीवर मिठाचे पांढरे डाग होते. आबांनी मान खाली घातली. त्यांनी तिला सांगायला चार वाक्यं जुळवली होती, त्यातला पहिला शब्द तेवढा आठवला.

"समुद्र..." ते म्हणाले आणि थांबले.

दर्शना रिकाम्या तिवईकडेच बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. आबांना वाटलं, ही चालली.

तेवढ्यात ट्रक आला. फाळका खाली पडला. आधी दर्शनाची आजी उतरली. मग आई, काका, काकू, मावश्या आणि मावश्यांच्या जावा उतरल्या. शेजारघरची माणसं उतरली. मासे विकणारी गाबतीण आपल्या कोयत्यासकट उतरली. भटजी उतरले, त्यांच्या तोंडात दातवण तसंच होतं. कुणाच्या केसाला तेल नव्हतं, कुणाच्या अंगावर पांघरूण होतं. दोन कुत्रे उतरले. शेवटी लिंबाजी नवरीच्या माहेरच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली घागर खांद्यावर घेऊन उतरला.

आजी थेट आबांपाशी आली. "व्याही, तुमच्या माणसान सगळ्यांका गाडयेत घातल्यान. न्हाऊक सुद्धा देऊक नाय. म्हणता, जसे आसात तसेच चला."

दर्शनानं आजीकडे बघितलं. भटजींच्या दातवणाकडे बघितलं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिचा पाय मापाला लागला, तांदूळ सोप्यात सांडले आणि ती आत आली. तिच्यामागून सगळे आत आले.

आबा दारात उभे राहिले. सून घरात आली होती आणि हसत होती, म्हणून त्यांच्या काळजावरचं ओझं उतरलं होतं. पण माणसं आत जायची काही थांबत नव्हती. त्यांनी लिंबाजीचा दंड धरला.

"आरं, एक पाठराखीण आणाय सांगितली होती."

"कंजूसपणा करायचा न्हाई," लिंबाजी म्हणाला. "सढळ हातानं घातलंय. समुद्राकडनंच आणलंय. धुतलं न्हाई. त्येंच्या पाण्यासकट आणलंय." आणि त्यानं घागर तिवईवर ठेवली.

आबांना एकदम काहीतरी आठवलं. त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि ही समदी जाणार कवा?"

"महिनाभर हलवायचं न्हाई, आबा. तुमीच पाठ करून घेतलंय."

आत सोप्यात सगळी पाहुणेमंडळी भिंतीला पाठ लावून बसली होती. आजीनं पदरानं वारा घेतला, गाबतिणीनं कोयता मांडीशी ठेवला, आणि आजीनं लिंबाजीला जवळ बोलावून विचारलं, "झिला, दुपारक मासो खंयचो आसा?"

आबांनी लांबूनच नको नको म्हणून हात हलवला. लिंबाजीनं तो बघितला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ येत होतं.

"महिनाभर मासे न्हाईत, आजी," तो म्हणाला.