उपाशी गोधडी

एक होती बाई. ह्या गोष्टीत राजा नाही बरं का, आधीच सांगते. राजाच्या घरी भांडी कोण घासतं ते गोष्टीत कधी येतच नाही, म्हणून आज मला राजा नको. दिवसभर मीही भांडीच घासलीत. तर बाई. तिचं नाव सकवार.

सकवारचं घर डोंगराच्या पायथ्याशी. घरात तिचा नवरा हैबती, तो घायपाताच्या वाखाचे दोर वळायचा. मुलगी मंजी, पाच वर्षांची. एक करडी मांजर होती, ती सदा चुलीच्या राखेत लोळायची म्हणून तिचं नाव राखुंडी. आणि एक कुत्रा, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकल्या. गोठ्यात एक गाय. एवढंच घर.

सकवार काटकसरी होती. म्हणजे किती? तेलाचा बुधला रिकामा झाला की तो उन्हात उपडा घालायची आणि खाली वाटी ठेवायची. संध्याकाळपर्यंत फोडणीपुरतं तेल निघायचं. तांदूळ धुतलेलं पाणी अळूला जायचं. शिळ्या भाकरीचा कुस्करा व्हायचा, आणि कुस्कऱ्यातूनही उरलं तर ते टिकल्याला. तिच्या लुगड्याला तर मरणच नव्हतं. फाटलं की दांड घालून नेसायचं, मग त्यातून मंजीचा परकर, मग फडकं, मग पोतेरं, आणि शेवटी दिव्याची वात. जळून गेलं तेव्हाच ते सुटायचं बिचारं.

आणि काम किती! पहाटे दळण, मग सडा, मग शेण, मग पाणी, मग भाकऱ्या, मग धुणं, मग भांडी. भांडी झाली की परत भाकऱ्या. सकवार दमायची. अगं, दमायची म्हणजे पायांत गोळे यायचे. पण दुपारी घटकाभर ती सूप घेऊन बसायची, तांदूळ निवडायला. तेवढीच तिची निवांत बसायची वेळ. ती बसली की राखुंडी येऊन मांडीवर चढायची, टिकल्या तिच्या पावलांवर हनुवटी टेकायचा, आणि मंजी उरलेल्या अर्ध्या मांडीवर डोकं ठेवून, आईचा पदर तोंडावर ओढून झोपायची. मंजीला दुसरीकडे कुठे झोप यायचीच नाही.

मग एकदा काय झालं, थंडी जवळ आली. सकवारने जुन्या चिंध्या काढल्या आणि गोधडी शिवायला घेतली. रोज थोडी, रोज थोडी. अशी महिनाभर शिवली. आता त्या गावची एक रीत होती, बरं का. गोधडी शिवून होत आली की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा. त्यात भाकरीचा एक घास घालायचा, म्हणायचं, "खा बाई, आणि आम्हाला ऊब दे." मग कोपरा शिवायचा. रिकाम्या पोटाची गोधडी घरात घेत नसत.

सकवारने घास हातात घेतला. कोपऱ्यापाशी नेला. आणि तिच्या मनात आलं, चिंध्यांना कुठे तोंड असतं? एवढ्यात राखुंडीचं भागेल. तिने घास परत टोपलीत टाकला आणि कोपरा शिवून टाकला. दात कशाला काढता? तुम्ही परवा शेंगदाण्याचा लाडू उशाखाली लपवला होता, तो विसरलात?

मग गोधडी वळणीच्या दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी सकवार हंडा घेऊन आली, तर वळणीवरून आवाज आला, पोटात गुरगुरतं ना, तसा. मग गोधडी बोलली.

"सकवारबाई, भूक लागली."

सकवार दचकली. पण घाबरायलाही सवड लागते. ती म्हणाली, "अगं बाई, इथं माणसांना पुरत नाही, तुला काय देऊ? माझ्याजवळ जास्तीचं काही असेल, तर तो शीण."

"मग तोच दे," गोधडी म्हणाली.

"घे की. पायांचा घे. सकाळपासून नुसती वणवण चाललीय."

गोधडीने सकवारच्या पायांचा शीण खाल्ला. सकवारचे पाय एकदम हलके झाले. ती खुदकन हसली. न शिजवता, न मीठ घालता एकीचं पोट भरलं आणि आपलं ओझंही गेलं. असा सौदा काटकसरी बाई सोडेल होय?

दुसऱ्या दिवशी गोधडी परत म्हणाली, "भूक लागली." सकवारने पाठीचा शीण दिला. तिसऱ्या दिवशी परत म्हणाली. सकवारने डोळ्यांचा दिला. गोधडी सगळा गिळून बसली.

मग काय विचारता! सकवार दमेचना. बसेना, टेकेना, आडवी होईना. अंगण सारवलं, भिंती सारवल्या, गोठ्याची मागची भिंत सारवली, जी गाईनेही कधी पाहिली नव्हती. शेजारणी म्हणाल्या, "हात फिरे तिथं लक्ष्मी फिरे, बघा ही सकवार!" आणि असं म्हणता म्हणता आपापलं दळणही तिच्याकडे आणून टाकलं. सकवारने तेही ओणव्याने दळलं. हैबती आधी खूश झाला. मग त्याला जरा चमत्कारिक वाटायला लागलं. जेवताना तो तोंड वर करून बघायचा, तर बायको उभीच. पण बिचाऱ्याचे हात दिवसभर वाख ओढून सोललेले, तो जेवायचा आणि भिंतीला टेकल्या टेकल्या घोरायचा. त्याला काही सुचायचं नाही.

आता मला सांगा, जी बसतच नाही तिला मांडी कुठून असणार?

राखुंडी घरभर मांडी शोधत फिरली. सुपात बसून पाहिलं, परातीत बसून पाहिलं. कुठेच जमेना. टिकल्या सकवारच्या पावलांमागे फिरून फिरून थकला आणि दारात जाऊन पडला. आणि मंजी? मंजी पहिल्या दिवशी म्हणाली, "आये, बस की गं."

"बसते हं, एवढं झालं की."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आये, बस की." "हो गं, एवढं झालं की." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मंजी काही म्हणालीच नाही.

असे बरेच दिवस गेले. मंजीच्या डोळ्यांखाली काळं आलं. मग एकदा दुपारी सकवार केर काढत काढत कोठीपाशी गेली. बघते तर मंजी तिथे कोंड्याच्या पोत्याला मिठी मारून पडलेली. पोत्यावर तिने आईचं जुनं फडकं पांघरलं होतं, पदरासारखं, आणि त्याचं टोक तोंडावर ओढलं होतं. झोप लागली नव्हती. डोळे उघडेच होते. आईकडे बघून ती म्हणाली, "आये, तू कर तुझं काम. मी ह्याची सवय करतीया."

सकवारच्या काळजाचं पाणी झालं. पण डोळ्यांत पाणी येईना. रडायलासुद्धा डोळे दमावे लागतात, बरं का. तिने केरसुणी टाकली आणि लेकीजवळ बसायला गेली. तर गुडघे वाकेनात. ते वाकायचं विसरून गेले होते. हात आपोआप खाली गेला आणि केरसुणी उचलून परत झाडायला लागला. तेव्हा मात्र सकवार घाबरली.

ती धावत वळणीपाशी गेली. "गोधडीबाई, माझा शीण मला परत दे."

"उपाशीपोटी कसा देऊ?" गोधडी म्हणाली. "आधी माझा घास दे, जो तू राखून ठेवलास."

सकवारने गोधडीचा कोपरा उसवला. टोपलीच्या तळातला वाळका तुकडा आणला आणि आत घातला. गोधडीने थूं करून टाकला. "उरलेलं नको."

मग सकवारने हैबतीसाठी झाकून ठेवलेल्या भाकरीतला घास आणला. गोधडीने तोही बाहेर ढकलला. "हा दुसऱ्याच्या वाटचा. दुसऱ्याचं मी खात नाही."

"मग कुठला देऊ बाई?"

"तुझ्या ताटातला दे."

सकवार गोधडी खांद्यावर टाकून सैपाकघरात आली आणि फळीकडे बघत उभी राहिली. हैबतीचं ताट होतं. मंजीची ताटली होती. राखुंडीची फुटकी वाटी होती, टिकल्याचा खोलगट दगड होता. सकवारचं ताट नव्हतं. दहा वर्षं ती चुलीपाशी उभ्या उभ्या जेवली होती, तव्यावरचा तुकडा, परातीतलं पुसलेलं, टोपाला लागलेलं. एक भांडं घासायचं वाचतं, असं म्हणायची. आणि ह्यात कुणालाही काही वावगं वाटलं नव्हतं, तिलासुद्धा.

तिने पेटी उघडली. लग्नात माहेराहून आलेलं पितळी ताट होतं, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलं, आणि पाहुण्यांनाही कधी काढलं नाही, झिजेल म्हणून. तिने ते चिंचेने घासलं. मंजी उठून आली आणि तिने पाट मांडला. सकवारने तव्यावर भाकरी टाकली. टम्म फुगली. ती ताटात वाढली, वर सणासाठी राखलेल्या तुपातलं बोटभर तूप घातलं, बाजूला लसणाची चटणी. केवढा खर्च!

पण बसणार कशी? गुडघे कुठे वाकतायत? मंजी पदर ओढत म्हणाली, "आये, बस." वाकले नाहीत. टिकल्या येऊन मागून ढुशी मारायला लागला. वाकले नाहीत. भाकरी निवायला लागली. आणि सकवारचे हात, तुम्हाला सांगते, दुसरी भाकरी थापायला परातीकडे निघाले होते.

तेवढ्यात हैबती दुपारच्या जेवणाला आला. त्याने पाट पाहिला, ताट पाहिलं, उभी बायको पाहिली. तो फार शहाणा नव्हता, पण एवढं त्याला समजलं. हातपाय धुऊन तो आत आला आणि परातीपुढे मांडी घालून बसला.

"तू जेव," तो म्हणाला. "पुढच्या भाकऱ्या मी थापतो."

"तुम्हाला कुठं येतात?"

"नाही येत. वाकड्या होतील. मी खाईन वाकड्या."

बस, बस असं तिला आजवर सगळेच म्हणाले होते. उरलेलं मी करतो, असं कुणीच म्हणालं नव्हतं. मग काय झालं, सकवारचा उजवा गुडघा कडकन वाजला आणि वाकला. मग डावा वाकला. आणि सकवार बसली. तिने पहिला घास मोडला, गोधडीच्या कोपऱ्यात घातला आणि म्हणाली, "खा बाई. चुकलं माझं." तीन टाके घातले. गोधडीने मोठ्ठी ढेकर दिली.

उरलेली भाकरी सकवारने खाल्ली. गरम. अख्खी. आणि मग तिचा शीण परत आला. आधी पायांत आला, मग पाठीत, मग डोळ्यांवर. इतक्या दिवसांचा सगळा साचलेला, एकदम. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि पाणी वाहता वाहताच ती तिथे चुलीपाशी कलंडली. हैबतीने तिच्यावर गोधडी घातली. राखुंडी गोधडीत शिरली. टिकल्याने पावलांवर हनुवटी टेकली.

ती झोपली ते दुसरी दुपार होईपर्यंत. घरात केर तसाच पडला. भांडी तशीच पडली. हैबतीच्या भाकऱ्या बेडकासारख्या झाल्या, त्यातल्या करपलेल्या टिकल्यानेसुद्धा हुंगून सोडल्या. शेजारणी दळण घेऊन आल्या, तर मंजी दारात तोंडावर बोट ठेवून उभी. "माझी आई दमलीया," ती म्हणाली. शेजारणी आपापलं पीठ आपापल्या जात्यावर दळायला परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकवारने डोळे उघडले, तेव्हा तिचं डोकं कशावर तरी टेकलेलं होतं. टोचणाऱ्या, बारक्या हाडांच्या कशावर तरी. वर बघते तर मंजी. मंजी मांडी घालून बसली होती आणि आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. पायांना मुंग्या आल्या होत्या, चेहरा वेडावाकडा झाला होता, पण पोर हलली नव्हती.

"आये, दमलीस?"

"हो गं," सकवार म्हणाली. "लई दमले."

"मग नीज अजून. मी हाय."

आणि सकवार परत निजली.

मग ती सगळी सुखाने राहिली. काम काही संपलं नाही, ते संपत नसतं. पण दमली की बसायची माणसं. झाली गोष्ट. आता डोळे मिटा. पाय नको चेपूस रे माझे, राहू दे. नुसतं सरकून घे जरा, मलाही आडवं होऊ दे.