सावलीत राहिलेला काळा तुकडा

प्लास्टिकलाही बोलता यायचं, त्या काळातली गोष्ट. भानुदास तापानं गेला आणि त्याची मोटारसायकल अंगणात उन्हात उभी राहिली. धाकटा भाऊ गोरख तिच्यावर कधी बसला नाही. पण तिचं काळं प्लास्टिक पांढुरकं पडलेलं त्याला बघवेना, म्हणून एक दिवस त्यानं रंगाचा डबाच आणला.

"म्हाताऱ्याला काजळ लावतोय बघा," टाकी म्हणाली.

गोरखनं तिकडे लक्ष न देता मडगार्ड काळं केलं आणि ब्रश सीटखालच्या पॅनेलकडे नेला.

"थांब," पॅनेल म्हणालं. "आधी नीट बघ."

पॅनेल सगळं विटलं होतं, पण मधला तळहाताएवढा तुकडा अजून काळाभोर होता.

"उन्हातान्हात भांडी विकत फिरताना भानूचा पाय इथं असायचा. त्याच्या सावलीनं एवढं राखलं. रंग दिलास तर ती जागा तुलाही सापडायची नाही."

गोरखचा हात थांबला. "मग असंच राहू दे?"

"राहील कसं? गाडी उभीच ठेवलीस तर ऊन तेवढंही खाईल. इथं कुणाचा तरी पाय पाहिजे."

गोरखनं डबा बंद केला, डोळे पुसले आणि सीटवर बसला.

"जरा मागं सरक," पॅनेल म्हणालं. "तो मागं सरकून बसायचा."