कॅमेऱ्याची उत्तरपूजा

दसरा आला आणि रंगनाथरावांच्या कॅमेऱ्याला रात्रीचं दिसेनासं झालं.

दिवसा सगळं नीट होतं. घराच्या भिंतीवरून अंगणापलीकडची हळदीची वखार, अंगणातला वजनकाटा, फाटकावरचा राखणदार लिंबाजी, सगळं मालकांच्या मोबाइलवर लख्ख दिसे. अंधार पडला की चित्र पांढरंफटक. जणू कॅमेरा ताकाच्या डेऱ्यात बुडवलाय.

मालकांनी त्यावरून एकच अनुमान काढलं. लिंबाजी रात्री कॅमेऱ्यावर धोतर टाकतो आणि खुशाल झोपतो. लिंबाजी पायजमा घालत असे, पण ते ऐकून घ्यायला मालकांना वेळ नव्हता.

कॅमेरा बसवणाऱ्या शकील मिस्तरीला बोलावणं गेलं. त्याने खालूनच वर पाहिलं आणि कारण सांगून टाकलं. खंडेनवमीला मालकांनी स्वतःच्या हाताने कॅमेऱ्याची पूजा करून त्याला झेंडूची घसघशीत माळ घातली होती. आता कॅमेरा अंधारात स्वतःचा उजेड टाकतो. तो माणसाला दिसत नाही, पण पुढ्यातल्या फुलांवर आपटून परत कॅमेऱ्याच्याच डोळ्यात शिरतो. माळ काढा, चित्र दिसेल.

"माझ्या पूजेत खोट काढतोस?" मालक म्हणाले. "ट्रकला वर्षभर माळ असते. ट्रक चालतो ना?"

शकील म्हणाला, निदान दोन बोटं मागे सारू. मालक म्हणाले, पूजेची माळ सारत नाहीत. शकील म्हणाला, मग अंगणात रात्रभर दिवा लावू, म्हणजे कॅमेऱ्याला स्वतःचा उजेड नको. मालक म्हणाले, दिवाच लावायचा तर कॅमेरा कशाला घेतला? शकील चहा पिऊन निघून गेला.

मग मालकांनी हुकूम सोडला. माझ्या माळेला जो हात लावेल त्याला वखारीतून हाकलीन. आणि उद्या रात्री चित्र साफ दिसलं नाही, तर लिंबाजीने आपलं बिऱ्हाड उचलायचं.

बिऱ्हाड म्हणजे फाटकाजवळची एक खोली. त्यात लिंबाजी आणि त्याची मुलगी मथुरा राहत. मथुरा वखारीत हळद निवडायची. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाप भांडी गाठोड्यात बांधत होता. माळ काढली तरी गेलो, नाही काढली तरी गेलो, असं त्याचं म्हणणं होतं आणि त्यात काही चूक नव्हती.

"बाबा, इतक्यात बांधू नका," मथुरा म्हणाली. "उद्या परत सोडायचा ताप."

सकाळी मालक अंगणात आले तर भिंतीला शिडी टेकवलेली. खाली मथुरा उभी, हातात ताम्हण. ताम्हणात अक्षता, पाण्याची वाटी आणि धुतलेलं मऊ फडकं.

"हात लावलास का माळेला?"

"नाही मालक. शिडी भिंतीला लावलीय. आपलीच वाट बघत होते."

"माझी कशाला?"

मथुराने विचारलं, खंडेनवमीला पुजलेला काटा दसऱ्याला कामाला कसा लावला? मालक म्हणाले, रीतीप्रमाणे. अक्षता टाकल्या, उत्तरपूजा केली, मग हलवला. आणि ट्रक? ट्रकचीही केली.

"आणि कॅमेऱ्याची?"

मालकांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी शिडी आपट्याची पानं तोडायला गेली होती. कॅमेरा वर राहिला तो राहिलाच.

"तो अजून पूजेत बसलाय, मालक," मथुरा म्हणाली. "पूजेला बसवलेल्या हत्याराला आपण कामाला जुंपतो का?"

"मग दिवसा कसा काम करतो?"

"आपला धाक म्हणून करत असेल. रात्री आपण झोपता."

हे मालकांना पटलं. धाकाची गोष्ट त्यांना नेहमीच पटत असे. गुरुजींना बोलावतो म्हणाले, तर मथुरा म्हणाली, ज्याने बसवलं त्यानेच उठवावं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा आपलाच हुकूम आहे.

मालक शिडी चढले. शिडी लिंबाजीने धरली होती. त्यामुळे तेवढा वेळ कुणाला कामावरून काढण्याचा विषय निघाला नाही. मालकांनी अक्षता टाकल्या, वाळलेली माळ निर्माल्य म्हणून उतरवली, काचेवर ओघळलेलं गंध ओल्या फडक्याने पुसलं आणि नमस्कार करून खाली आले.

दिवेलागणीनंतर ते ओसरीवर मोबाइल घेऊन बसले. अंधार झाला. ताक कुठेच नव्हतं. काटा दिसत होता, काट्यावर बसलेलं मांजर दिसत होतं आणि फाटकाशी काठी टेकून उभा असलेला लिंबाजी दिसत होता. तो थोडा वेळ या पायावर, थोडा वेळ त्या पायावर उभा राहत होता.

मालकांनी मथुराला बोलावलं.

"खरं सांग. माझ्या माळेतच खोट होती ना?"

फाटकावरून लिंबाजी ऐकत होता. हो म्हणावं तर मालकांच्या पूजेला नाव, नाही म्हणावं तर खोटं.

"माळ चांगलीच होती, मालक," मथुरा म्हणाली. "पण फुलं पायाशी वाहतात. कॅमेऱ्याला पाय नाहीत, म्हणून आपण डोळ्यांवर वाहिलीत."

मालकांचं तोंड आधी गोरंमोरं झालं. मग पोट हलायला लागलं आणि ते असे हसले की काट्यावरचं मांजर पळालं. तेही मोबाइलवर स्पष्ट दिसलं.

"माग, काय पाहिजे ते."

"बाबांना एक खुर्ची द्या. रात्रभर उभे असतात. आता आपण पाहिलंच."

मालकांचं हसू थांबलं. "आणि खुर्चीत बसून तो झोपला तर?"

"तर तेही आता आपल्याला दिसेल की, मालक."

मालक पुन्हा हसायला लागले. हसत हसत उठले आणि स्वतःची वेताची खुर्ची उचलून फाटकाकडे निघाले. लिंबाजीचा पगार वाढवतो म्हणून वाटेतच ओरडले. लिंबाजी त्या खुर्चीत बसला खरा, पण पहिली रात्र त्याने कॅमेऱ्याकडे बघत, ताठ बसूनच काढली.