पिवळा फटकारा

विश्वास नेमका कोणावर ठेवावा, सांगा पाहू? वस्तूवर, वस्तूवरच्या खुणेवर, की ती खूण दाखवणाऱ्या माणसावर? घाई करू नका. ज्याने उभा जन्म देण्याघेण्यात घालवला, तोही या प्रश्नाचे उत्तर चटकन देत नाही. पेठेत एक मधवाला बसत असे. गुळाचा पाक करून बाटल्या भरायचा आणि प्रत्येक बाटलीत एक मेलेली मधमाशी सोडायचा. गिऱ्हाईक बाटली उजेडात धरी, माशी पाही आणि समाधानाने पिशवीत टाकी. शेजारीच रानातून खरा मध आणणारा एक जण बसायचा. तो बिचारा मध गाळून, स्वच्छ करून विकी. त्याच्याकडे कोणी फिरकत नसे, कारण त्याच्या मधात माशी नव्हती! हसू नका. त्या गिऱ्हाइकांत तुम्हीआम्ही सगळेच होतो.

तर ही गोष्ट खिशात कॅमेरा यायच्या आधीच्या काळातली. एका संस्थानी गावात जुन्या मोटारी पूर्ववत करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारे त्यांना उस्ताद म्हणत. गाड्या काय, दुरुस्त करणारे पुष्कळ होते. उस्तादांची ख्याती निराळीच होती. मोटारीतला कोणता भाग जन्मापासूनचा आणि कोणता मागाहून बसवलेला, हे ते तपासून सांगत. त्यांच्या या शब्दाला लोक ‘साक्ष’ म्हणत, आणि एकदा साक्ष झाली की दुसरीकडे विचारायला जात नसत.

त्यांच्या हाताखाली इंद्रजित नावाचा एक शिष्य होता. वय तिशीपलीकडचे. कारखान्यातली लेथवरची कायम नोकरी सोडून आलेला. काम सुरेख, पण स्वभाव स्वप्नाळू. हातात स्क्रू घेतला तर तो कोणी घडवला असेल, कोणत्या खिडकीशी बसून, याच्या विचारात त्याची अर्धी दुपार निघून जाई.

“इंद्रा,” उस्ताद म्हणायचे, “स्क्रू पिळायचा असतो. त्याची पत्रिका मांडायची नसते.”

एके वर्षी गावातल्या एका शेठजींनी एक अमेरिकन मोटार आणून सोडली. दोन दारांची, लांब बॉनेटची, उभी असतानाही धावते आहे असे वाटावे अशी. कोणा राजपुत्रासाठी बोटीने आलेली. पुढे राजपुत्र गेला आणि गाडी एका शेडमध्ये निजून राहिली. ती मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात मांडायची, अशी शेठजींची इच्छा होती. तिथला पहिला मान त्याच गाडीला मिळे, जिचा प्रत्येक महत्त्वाचा भाग मूळचा असे.

“या गाडीची साक्ष इंद्रा देईल,” उस्तादांनी शेठजींना सांगितले. “माझे डोळे आता अंदाजाने चालतात.”

शेठजींनी शिष्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “तुमच्या शब्दाखातर हो म्हणतो, उस्ताद. पण याची पहिलीच साक्ष आणि माझी एकुलती एक गाडी. चुकला तर पुन्हा याला कोणी विचारणार नाही, मी तर नाहीच.”

त्या दिवसापासून इंद्रजित गाडीच्या स्वाधीन झाला. शेडच्या छपराला काचेचे पत्रे होते. त्यांतून ऊन झिरपून खाली येई, पांढऱ्या चादरीखालच्या गाडीवर सांडे, आणि तेलाच्या वासात, धुळीच्या सोनेरी कणांत सगळे काही पाण्याखाली असल्यासारखे संथ भासे. एकेक भाग तो उतरवी, अंक ताडून पाही आणि मूळचा असला की अलगद बाजूला ठेवी.

शेवटी कार्बुरेटर उरला. त्याचीच त्याला धास्ती होती, कारण त्या गाडीच्या कार्बुरेटरच्या हुबेहूब नकला निघाल्या होत्या. घडण तीच, कोरलेले अंकही तेच. फरक एकच. मूळच्या भागावर कारखान्यातला तपासनीस पिवळ्या रंगाचा एक फटकारा मारीत असे; नकलेवर तो नसे. इंद्रजितने वर्षानुवर्षांची चिकट काजळी चिंधीने पुसत आणली आणि कडेला, बोटभर जागेत, पिवळे काहीतरी उजळले. फटकाराच तो! सुरुवातीला जाड, पुढे विरत गेलेला, टोकाला कुंचल्याच्या केसांच्या बारीक रेघा.

इंद्रजित पाहतच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर एक लांबच लांब कारखाना उभा राहिला. बाहेर बर्फ पडते आहे, आत एक अनोळखी माणूस भाग उचलतो, फिरवून पाहतो, कुंचला टेकवतो, पुढचा उचलतो. घरी जायच्या वेळेकडे त्याचे अर्धे लक्ष आहे. सातासमुद्रापलीकडच्या त्या हाताची ही घाई इथे, या उन्हात, आपल्या तळव्यावर येऊन टेकली आहे! त्या तंद्रीत त्याने रोजच्या सवयीने कार्बुरेटर धुण्याच्या द्रावणात सोडला.

भानावर आला तेव्हा द्रावणावर एक फिकट पिवळी साय तरंगत होती. कार्बुरेटर लख्ख निघाला. खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी येणार होते. फटकारा पाहिला होता एकट्या इंद्रजितने. उस्तादांनीसुद्धा पाहिला नव्हता. फळीवर पिवळ्या रंगाचा डबा होता. त्याने तो उतरवला, एक जुना कुंचला घेतला आणि नुसताच बसून राहिला.

“काय रे, रंगपंचमी आहे काय?” उस्तादांनी विचारले.

इंद्रजितने सारे सांगितले. मग अजिजीने म्हणाला, “उस्ताद, खूण होती हो. मी शपथेवर सांगतो. जिथं होती, जशी होती, तशीच परत करतो. भाग खरा, खूणही खरीच. यात खोटं कुठं आलं?”

उस्ताद रागावतील असे त्याला वाटले होते. ते शांतपणे म्हणाले, “कर.”

त्याने श्वास रोखून फटकारा मारला. सुरुवातीला जाड, पुढे विरत गेलेला. इतका सुंदर जमला की त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात उस्तादांनी कपाट उघडले. इंजिन चालवून पाहण्यासाठी त्यांनी एक नकली कार्बुरेटर ठेवलेला होता. तो आणून त्यांनी मूळच्याशेजारी ठेवला.

“आता यावर कर.”

“यावर? पण हा तर...”

“कर म्हणतो ना.”

इंद्रजितला काही उमगेना. त्याने केले. उस्तादांनी त्याला हात धुवायला पाठवले. परत येतो तो दोन्ही कार्बुरेटर उन्हाच्या चौकोनात ठेवलेले, पिवळे फटकारे वाळत असलेले, आणि उस्ताद बाजेवर रेलून बसलेले.

“खरा उचल.”

इंद्रजितने आतले भाग पाहण्यासाठी स्क्रूड्रायव्हर घेतला.

“उघडायचं नाही,” उस्ताद म्हणाले. “शेठ उघडणार नाही. प्रदर्शनातले परीक्षकही उघडणार नाहीत. ते खूण बघतील. तूही खुणेवरूनच सांग.”

इंद्रजितने एकदा हा पाहिला, एकदा तो. फटकारे जुळ्या भावंडांसारखे होते. ऊन फरशीवरून सरकत गेले. शेवटी त्याने डावीकडचा उचलला आणि भीत भीत विचारले, “हाच ना? बरोबर आहे?”

“विचारावं लागलं ना? झालं तर मग.”

इंद्रजितचा हात तसाच अधांतरी राहिला. उस्ताद उठून त्याच्याजवळ आले. “त्या माणसानं भाग तपासला, मग रंग लावला. त्याच्या फटकाऱ्यात त्याचं तपासणं आहे. तुझ्या फटकाऱ्यात तुझी आठवण आहे. आठवण खरी असेल, मी मानतो. पण ती त्याच्या हाताच्या नावानं का खपवतोस? तुझ्या नावानं सांग. पटेल त्याला पटेल. आणि नीट ऐक. आज तू खऱ्याला रंग लावलास. उद्या एखाद्यावर खूण असणारच असं तुला मनोमन वाटेल, त्यालाही लावशील. डबा तोच, हात तोच. त्या हाताला कुठं थांबायचं हे कोण सांगणार?”

 इंद्रजितने डावीकडचा कार्बुरेटर खाली ठेवला, दोन्ही उघडून आतल्या झिजेवरून गाडीतला कोणता याची खात्री करून घेतली, मग चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि दोन्ही फटकारे पुसून टाकले.

सकाळी शेठजी आले ते घडीचे मोठे भिंग घेऊनच. “हं, साक्षीदार! सुरुवात कार्बुरेटरपासून. सगळे म्हणतात तिथंच फसतात.”

“शेठजी, कार्बुरेटर मूळचा आहे,” इंद्रजित म्हणाला, “पण आता तुम्हाला पटवायला खूण नाही. खूण होती. माझ्या हातून धुतली गेली.”

“वा रे वा! लग्न झालं, फक्त नवरी दाखवायला नाही!” शेठजींचा चेहरा उतरला होता, तरी जीभ शाबूत होती. “उस्ताद, तुम्ही तरी म्हणा की पाहिली.”

“मी नाही पाहिली, शेठ.”

“अहो, मग याला तरी म्हणायचं की रंग लाव! एवढासा पिवळा ठिपका. कोणाला कळलं असतं?”

“तुम्हालाही कळलं नसतं,” इंद्रजित म्हणाला. “म्हणूनच लावलेला पुसून टाकला.”

 पहिला मान गेला, हे शेठजींना कळून चुकले होते. त्या भागापुढे ‘पुरावा नाही’ असेच लिहावे लागणार होते, आणि पुढे लिहिलेही गेले. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. चादरीची दुमडलेली कड उगीच सारखी केली.

“बरं,” ते कोरडेपणाने म्हणाले, “हा डायनॅमो?”

“मूळचा.”

“रेडिएटर?”

“नंतरचा. कोणीतरी चांगल्या भावनेनं बसवलाय, पण नंतरचा.”

“आणि हे दिवे?”

“डावा मूळचा. उजव्याबद्दल मला सांगता येणार नाही.”

शेठजी डायनॅमोवर वाकले होते, भिंग डोळ्यांशी होते. रेडिएटरशी ते हातात होते. दिव्यांपाशी आले तेव्हा त्यांनी दिव्यांकडे पाहिलेही नाही. ते इंद्रजितच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मग त्यांनी भिंग बंद करून खिशात टाकले आणि म्हणाले, “सांग पुढचं. मी ऐकतो.”

काचेच्या पत्र्यांतून ऊन उतरत होते. इंद्रजित एकेका भागावर हात ठेवून सांगत गेला, आणि कुठेतरी फार दूर, बर्फ पडत असलेल्या एका खिडकीशी, कोणीतरी कुंचला खाली ठेवून घरी निघाल्यासारखे त्याला वाटले.

तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका. आपापला हिशेब मांडायला बसाल, दुकानाचा असो की आयुष्याचा, तेव्हा जे हातून पुसले गेले ते ‘पुसले गेले’ असेच लिहा. आणि खाली सही मात्र स्वतःची करा.