पाण्यासारखे नऊ खडे

फार पूर्वी एका राखाडी कातळाच्या डोंगराखाली खाणकऱ्यांचं एक गाव होतं. त्या कातळातून पांढऱ्या दगडाच्या जाड शिरा गेल्या होत्या. शिरेत अभ्रकाची पानं सापडत, गारगोट्या तर ढिगाने निघत. क्वचित कुठे शीर आतून पोकळ असे, आणि त्या पोकळीतल्या मातीत खरी रत्नं बसलेली असत. अशी पोकळी एखाद्याला जन्मात एकदा लागे. बहुतेकांना लागतच नसे.

त्या गावात सोमा नावाचा खाणकरी होता. तो आणि त्याची बायको राही, घरात दोघंच. सात वर्षं ते एकाच शिरेत खणत होते. सोमा छिन्नी चालवी, राही टोपलीने दगडमाती बाहेर टाकी.

शेजारी म्हणत, "सोमा, ती शीर कोरडी आहे. सोडून दे."

सोमा म्हणे, "अजून थोडं आत जाऊन बघतो."

एका सकाळी त्याची छिन्नी दगडात जाता जाता एकदम मऊ मातीत घुसली. त्याने हाताने माती उकरली. आत पोकळी होती, आणि तिच्यात नऊ खडे होते. अंगठ्याएवढे जाड, धारदार कडांचे, पाण्यासारखे स्वच्छ. रंग मात्र कसलाच नव्हता.

राहीने एक खडा तळहातावर घेतला. म्हणाली, "जड आहे हो."

गावात केशवशेट नावाचा रत्नपारखी होता. बाजाराच्या दिवशी तो देवळाच्या ओट्यावर गालिचा टाकून बसे. लोक खडे आणत, तो एक नजर टाकी आणि सांगे. आजवर त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. लोक त्याची ती एक नजर बघायलाच गोळा होत.

सोमाने फडक्यातून नऊही खडे गालिच्यावर ओतले. केशवशेटने नजर टाकली.

"गारगोटी आहे," तो म्हणाला.

सोमा हलला नाही. "शेट, रागावू नका. सात वर्षं गारगोट्याच उचलतोय. हे हाताला जड लागतात."

केशवशेटने एक खडा उचलला. खरंच जड होता. असा खडा त्याने आजवर पाहिला नव्हता. 'ठेवून जा, मला ओळखू येत नाही, घासून बघतो,' एवढं म्हणायचं होतं. पण ओट्याभोवती तीस-चाळीस माणसं उभी होती.

तो हसला. म्हणाला, "सात वर्षांची आशा चिकटली असेल त्याला. म्हणून जड लागतो."

सगळे हसले. कोणीतरी सोमाच्या पाठीवर थाप मारली. सोमाने मान खाली घालून खडे गोळा केले आणि तो निघून गेला. एक खडा गालिच्याच्या घडीत राहिला.

घरी गालिचा झटकताना तो खडा केशवशेटच्या पायाशी पडला. त्याने दार लावून घेतलं आणि गारगोटीवर तो खडा ओढला. गारगोटीवर चरा उठला. मग गारगोटी खड्यावर ओढली. खड्याला काहीच झालं नाही. त्याने पुन्हा पुन्हा घासून पाहिलं. तो पांढरा पुष्कराज होता, आणि एवढा मोठा पुष्कराज राजाच्या खजिन्यातही नसेल.

सोमाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. केशवशेटने पायात वहाणा घातल्या. उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. आज सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, केशवशेट चुकला म्हणून. त्याने विचार केला, पुढच्या बाजाराला सोमा येईलच. तेव्हा हळूच बाजूला घेऊन सांगू. त्याने वहाणा काढून ठेवल्या.

पुढच्या बाजाराला सोमा आला नाही. केशवशेटने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सोमा? तो कालच गेला, शेट," शेजारी म्हणाला. "बायकोला घेऊन चुन्याच्या भट्टीवर कामाला गेला. चार दिवसांची वाट आहे. घराला कडी लावली आणि गेला."

माणूस पाठवून बोलावता आलं असतं. केशवशेटने पाठवला नाही.

तीन वर्षांनी राही परत आली. एकटीच. चुन्याच्या धुळीने सोमाची छाती भरली होती आणि शेवटी खोकूनच तो गेला.

हे कळलं त्या दिवशी केशवशेट तिच्या दाराशी गेला. राही अंगण झाडत होती. त्याने तो खडा तिच्यापुढे ओसरीवर ठेवला.

"हा पुष्कराज आहे, राही. सोमाचं खरं होतं."

राहीने खड्याकडे पाहिलं. "कधी कळलं तुम्हाला?"

केशवशेटला खोटं बोलवेना. "त्याच दिवशी. दुपारी."

राहीने केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "आठ दिवस आम्ही घरातच होतो, शेट. ते कोणाला तोंड दाखवत नव्हते. बाकीचे खडे येतानाच नदीत टाकले होते त्यांनी. भट्टीवरसुद्धा म्हणायचे, मला दगडातलं काही कळत नाही, उगाच तुझी सात वर्षं घालवली. जाईपर्यंत हेच म्हणायचे."

"मला माफ कर."

"माझ्याकडे कशाला मागता? ज्यांच्यापुढे हसलात त्यांना जाऊन सांगा."

पुढच्या बाजाराला केशवशेट ओट्यावर उभा राहिला. लोक जमल्यावर त्याने सगळं सांगितलं. नजर चुकली, त्याच दुपारी ते कळलं, आणि लाजेपायी सांगितलं नाही. काही लपवलं नाही.

लोकांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघे-तिघेच तिथे होते. ते खाली बघत राहिले. बाकीचे जुने पोटासाठी पांगले होते, जमलेले बहुतेक नवे होते.

पुढे उभ्या असलेल्या एका खाणकऱ्याने शेजारच्याला विचारलं, "कोण सोमा?"

शेजारचा म्हणाला, "होता कोणीतरी. खाण सोडून गेला म्हणतात." आणि तो आपले खडे दाखवायला पुढे सरकला.

तात्पर्य: आपली चूक कळली की त्याच पावली जाऊन सांगावी. उशिरा सांगितलेलं खरं सांगणाऱ्याचं मन हलकं करतं, पण ज्याचं नुकसान झालं त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही.